गोडेलीव्हचा गुडघा आणि आठ मिनिटं

गोडेलीव्हच्या कॅफेत दर रविवारी दुपारी नाच असे, आणि तबकड्या लावायचं काम तीस वर्षं फर्मिनकडे. नवरा गेल्यापासून गोडेलीव्ह नाचायची थांबली होती. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला कायमचं निमित्तच मिळालं. फर्मिनच्या मनात मात्र एकच होतं. मरायच्या आधी हिच्याबरोबर एकदा नाचायचं.

"अगं, एकच गाणं."

"गाणी बघ तुझी, कुत्रं मागे लागल्यासारखी पळतात! गुडघा काय तुझा बाप सांभाळणार?"

म्हणून एका रविवारी फर्मिनने मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी मुद्दाम तेहतीसच्या संथ वेगावर लावली. गाणाऱ्या पोरीचा आवाज रेड्यासारखा झाला. ढोल असा, की कुणीतरी बिअरच्या रिकाम्या पिंपावर सावकाश बुक्क्या घालतंय. लोक हसून लोळले. पण गोडेलीव्हने पेले पुसता पुसता मान डोलावली, फडकं खांद्यावर टाकलं आणि नाचायला उतरली. खाटीक कामिएलबरोबर! फर्मिनला तबकड्यांपासून हलता येईना. त्या गावात गाणं थांबलं की लोक नाच संपला समजून कोट चढवतात.

मग दर रविवारी संथच तबकड्या लागायला लागल्या, आणि दोन महिन्यांत अँटवर्प शहरातून काळ्या कपड्यांतली पोरं गाड्या भरभरून यायला लागली. त्या वर्षी शहरातही संथ तबकड्यांचंच वेड होतं. गोडेलीव्ह डावा पाय ओढत नाचायची, तर ही धडधाकट पोरंही डावा पाय ओढायची.

"बाई, ही स्टेप कुठे शिकलात?"

"दवाखान्यात."

योरिस नावाचा लांब केसांचा पोरगा फर्मिनला म्हणाला, "याला न्यू बीट म्हणतात, आजोबा. तुम्ही फार पुढचे आहात!"

"पुढचा कसला रे, मी इथे मागेच अडकलोय," फर्मिन म्हणाला. गर्दी इतकी की त्याला लघवीलाही जाता येत नव्हतं, आणि गोडेलीव्ह आता कामिएलबरोबरच काय, या पोरांबरोबरही नाचत होती. त्याचा नुसता जळफळाट होत होता.

शेवटी त्याने घरी सगळ्यात लांब तबकडी शोधली. सहा मिनिटांची. संथ लावली की आठ. हातात घड्याळ धरून त्याने ती आठवडाभर मोजली.

रविवारी सुई टेकवून तो गर्दीत घुसला. कोपरं मारत पोचेपर्यंत दीड मिनिट गेलंच.

"गोडेलीव्ह, साडेसहा मिनिटं उरलीत."

"मग बोलण्यात कशाला घालवतोस?" तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

फर्मिन नाचायला लागला आणि घड्याळ बघायचं विसरला. अचानक गाणं संपलं. सुई तबकडीच्या शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली. खर्र... टक. खर्र... टक. कामिएलने कोट उचलला. फर्मिनचं तोंड उतरलं. हात सोडवून तो मागे वळला.

काळ्या कपड्यांतली पोरं मात्र थांबलीच नव्हती. योरिस तर डोळे मिटून त्या खरखरीवर पाय ओढत होता. "आजोबांनी कमाल केली!"

गोडेलीव्हने फर्मिनची बाही धरली.

"निघालास कुठे? आत्ता कुठे माझ्या गुडघ्याला झेपेल असं लागलंय."