बादलीतलं पाकीट

बुधवारी शाळेला सुट्टी, म्हणून बुधवारी टपालतिकिटांचा वर्ग. नगरपालिकेच्या मागच्या खोलीत गिलेनबाई तो भरवत, आणि तिकीटमंडळाचे अध्यक्ष रूमियाक दारातून डोकावून दर वर्षी एकच सल्ला देत: मुलांना आगगाड्यांचा विषय द्या. आगगाड्यांना बक्षीस मिळतं.

यंदा बाईंनी ऐकलं नाही. रविवारच्या प्रदर्शनासाठी मुलांची काचेची फ्रेम ठरली ती 'तिकिटांवरच्या आपल्या बायका' अशी. मुलांनी घरून तिकिटांचा ढीग आणला, पण पाहावं त्या तिकिटावर एकच बाई, मारियान.

"ही कोण होती, बाई?" वर्गातल्या माएलिसने विचारलं.

"कुणी नव्हती गं. देशाला चेहरा हवा, म्हणून काढलेलं चित्र आहे ते."

"म्हणजे जी नव्हतीच तिची ढीगभर तिकिटं, आणि ज्या खऱ्या होत्या त्या शोधत बसायच्या?"

बाईंना हे चाळीस वर्षं खुपत होतं, आणि या पोरीने ते एका दमात बोलून टाकलं होतं.

शोधून शोधून बऱ्याच जणी सापडल्या, पण सगळी सुटी तिकिटं. परीक्षकांचा नियम असा, की फ्रेममध्ये निदान एक तरी तिकीट आणि टपालाचा शिक्का असलेलं अख्खं पाकीट हवं. नाहीतर फ्रेम स्पर्धेबाहेर, शौचालयाकडच्या बोळात. तसं पाकीट बाईंकडे एकच होतं. मारीझ बास्तिये, विमान उडवणारी, जन्माने शेजारच्या लिमोज शहरातली. तिचं तिकीट निघालं त्या दिवशी बाईंच्या आत्याने टपालाच्या खिडकीपुढे रांग लावून त्यावर गोल शिक्का मारून घेतला होता. माएलिसला मोठेपणी विमानच चालवायचं होतं, तेव्हा बास्तिये तिच्या वाट्याला आली. पाकिटाखाली लावायची माहिती लिहायला म्हणून बाईंनी ते पाकीट विश्वासाने तिच्या हाती दिलं.

या बुधवारी माएलिस आली ती दोन टीपकागदांमध्ये काहीतरी जपून धरून.

"बघा बाई. कडेचा एकही दात तुटला नाही."

टीपकागदात बास्तियेबाईंचं तिकीट होतं. स्वच्छ, सपाट, मागे डिंकाचा मागमूस नाही. त्याच्या एका कोपऱ्यावर शिक्क्याचा अर्धा गोल.

"पाकीट कुठंय?" बाईंनी विचारलं.

"बादलीत टाकलं. कोंबड्यांच्या."

"अगं, पण भिजवलंस कशाला?"

माएलिस गोंधळली. "तुम्हीच शिकवलंत ना? कोमट पाणी, पसरट ताटली, ओढायचं नाही, आपोआप सुटू द्यायचं. पाठीला कागद राहिला तर तिकीट मेलं म्हणून समजा, असं म्हणालात."

बाई म्हणाल्या होत्या. अगदी याच शब्दांत, याच खोलीत. भिजवायचं कसं ते सगळं सांगितलं होतं. कधी भिजवायचं नाही, तेवढं राहून गेलं होतं. आता पोरीला रागवावं तर तिने आपलाच धडा बिनचूक गिरवलेला. बाईंना चडफडायलाही जागा उरली नाही.

दोघी तशाच माएलिसच्या घरी गेल्या. बादली अजून रिकामी केलेली नव्हती. गाजराच्या साली, अंड्यांची टरफलं बाजूला सारून बाईंनी पाकीट वर काढलं. आत्याच्या हातची शाई निळी ओघळली होती, पण शिक्क्याचा उरलेला अर्धा गोल जागेवर होता.

नगरपालिकेत परतल्यावर रूमियाकांनी पाकीट नाकाशी नेलं आणि लगेच दूर धरलं.

"गिलेनबाई, यात अवघड काय आहे? थोडा डिंक लावा. गोलाला गोल जुळवला की झालं. काचेमागे कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"तुम्ही परीक्षक नाही."

बाईंनी तिकीट चिमट्यात धरून पाकिटावर टेकवून पाहिलं. गोल इतका चपखल जुळला की त्यांचा हात तिथेच रेंगाळला. पोरांचं वर्षभराचं काम वाचत होतं. माएलिस बघत होती.

"असं चालतं, बाई?" तिने हळूच विचारलं.

बाईंनी चिमटा उचलला. "नाही. पुन्हा चिकटवलेलं पाकीट म्हणजे खोटं पाकीट. हेही मी आधीच शिकवायला हवं होतं."

"मग बोळात जा," रूमियाक म्हणाले. "आगगाड्या घेतल्या असत्या तर ही वेळ आली नसती."

रविवारी फ्रेम बोळात लागली. पाकीट एकीकडे, तिकीट त्याच्या शेजारी, मध्ये बोटभर जागा. खाली माएलिसच्या वळणदार अक्षरात बास्तियेची माहिती, आणि शेवटची ओळ: 'हे तिकीट मी पाण्यात सोडवलं. पाकिटासकट ठेवायचं असतं हे मला माहीत नव्हतं.'

लोक शौचालयाकडे जाता-येता थांबत. एक आजोबा वाचून म्हणाले, "माझ्याकडे अशी डबाभर आहेत धुतलेली," आणि पडलेल्या चेहऱ्याने पुढे गेले. बक्षीस आगगाड्यांना मिळालं. रूमियाकांनी टाळ्या वाजवताना बाईंकडे पाहिलं नाही, हेच त्यातल्या त्यात सुख. घरी परतताना बाई वाटभर धुमसत होत्या. राग नियमावर होता, रूमियाकांवर होता, पण फिरून फिरून तो त्यांच्या स्वतःच्याच दारात येऊन उभा राहत होता.

पुढच्या बुधवारी माएलिसने विजेच्या बिलाचं पाकीट आणलं. त्यावर मारियान.

"हे भिजवू?"

मग दुसरं. "हे?"

मग तिसरं. "आणि हे?"

प्रश्न संपेनात. बाईंनी ताटलीतलं कोमट पाणी झाडाच्या कुंडीत ओतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बस इथे. आधी पाकीट वाचायचं. कुठून निघालं, कधी, कोणी कोणाला धाडलं. पाण्याचं नंतर बघू."

माएलिसने विजेच्या बिलाचं पाकीट उजेडात धरलं आणि शिक्क्यातली अक्षरं लावून वाचू लागली.