फोटोमागे गेलेला शब्द

वर्डमध्ये मजकूर फोटोच्या कडेकडेने वळवायचा तर एक बटण दाबलं की झालं. स्लाइडमध्ये तसलं बटणच सापडेना. पण हार मानेन तर मी समीक्षा कसली! नेरच्या आमच्या संस्थेत कॉम्प्युटर सांभाळणारी मी एकटीच, त्यामुळे शिकवणारं कोणी नाही आणि टोकणारंही.

बोंडअळीचं साल होतं. फवारणीचं विष अंगात जाऊन माणसं दवाखान्यात भरती होत होती, म्हणून संस्थेने गावोगाव सभा ठेवल्या होत्या. माझ्या स्लाइडवर मधोमध फवारणाऱ्या माणसाचा फोटो आणि चार ओळी. हातमोजे घालणे. तोंड झाकणे. वाऱ्याच्या दिशेने फवारणे. या तिन्ही फोटोच्या डावीकडे मावल्या. चौथी लांब निघाली: दोन औषधे एकत्र फवारणे टाळणे. मग स्पेसबार ठोकठोकून तिचा शेवटचा शब्द मी फोटोच्या पलीकडे नेऊन बसवला. काय सुरेख दिसत होतं! गावोगाव सभा घेणारे अवधूत सर पेनड्राइव्ह घेऊन गेले तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर बाबांनी आमच्या गावच्या सभेत काढलेला फोटो आला. माझीच स्लाइड. पण सरांच्या लॅपटॉपवर माझा फॉन्ट नव्हता. अक्षरं बारीक झाली होती, ओळ आखडली होती आणि शेवटचा शब्द सरकून फोटोच्या मागे गेला होता. पडद्यावर उरलं होतं: दोन औषधे एकत्र फवारणे.

ओळीचा अर्थच उलटा झाला होता. बाबांना फोन लावला, तो आईने उचलला.

"फोन घरीच ठेवून वावरात गेले. औषधाचे दोन्ही डबे नेले संगं. काहून व?"

उत्तर द्यायलाही मी थांबले नाही. गावापर्यंत बारा किलोमीटर स्कूटी कशी हाकली ते मला आठवत नाही. रस्ताभर डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, बाबा कपाशीत आडवे पडलेत.

बाबा वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभे होते. बादलीत काडीने ढवळत होते. पंप बाजूला रिकामा होता.

"बाबा, थांबा! पंप भरू नका!"

"काहून ओरडून राह्यली? तुह्याच स्लाइडवर तं लिहेल होतं."

"सरांनी वाचून नाही दाखवलं?"

"त्याइले घाई होती. म्हणे फोटो काढून घ्या."

मी त्यांच्या हातातून काडी ओढून घेतली, साबणाने दोनदा हात धुवायला लावले आणि मग तिथेच मातीत बसून रडले. चूक कशी झाली ते रडत रडतच सांगितलं. बाबा हसले. म्हणाले, "झालं नाही ना काही? मंग कायले रडतं?"

मीही डोळे पुसले. तेवढ्यात एक विचार आला.

"बाबा, तो फोटो अजून कोणाला पाठवला?"

बाबांचं हसू थांबलं. "गावच्या ग्रुपवर. अन् पांढरकवड्याच्या देवीलालले. माह्या पोरीनं बनवलं म्हणून लिहिलं वर."

मी देवीलालकाकांना फोन लावला. तो त्यांच्या बायकोने, मानीकाकूंनी उचलला.

"ते तं सकाळीच फवारायले गेले, बाई," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तुहा फोटो पाहूनच गेले."