अल्बममधली वाडी

नोकरी जाऊन महिना झाला, तरी फ्रान्सिस आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये लेकीला जुना अल्बम दाखवत बसला होता.

"ही आपली वसईची वाडी. हे आजोबा, ही त्यांची लाडकी म्हैस, ही आपली केळी."

"कॅन वी गो देअर, डॅडी?" क्रिस्टिनाने विचारलं.

"इन्शाल्ला," तो हसला.

त्याच्या बायकोच्या, सेलिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं न ऐकता ह्याच माणसाने दोन वर्षांपूर्वी ती वाडी विकून इथल्या टॉवरमध्ये घर बुक केलं होतं. मंदी आली आणि बिल्डर नुसता खड्डा खणून पळाला.

तिने कपाटातून टॉवरचं चकचकीत ब्रोशर काढलं आणि म्हशीच्या फोटोवर आपटलं.

"हाही दाखव पोरीला," ती म्हणाली. "वाडीचा शेवटचा फोटो."