शब्द झाले की चहा

गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढून उभं राहिलं की काकांचं डोकं फिरायचं. "श्वास सोडा साहेब," ते टेप गळ्यात टाकत म्हणायचे, "मला फसवून काय मिळणार? शर्ट तुम्हालाच घालायचाय. जेवायला बसलात की बटणं उडतील, मग शिंप्याच्या नावानं शंख करू नका." मोठमोठ्या साहेबांना त्यांनी असं खडसावलं होतं. आणि ह्याच माणसानं स्वतःच्या बायकोचं माप देताना काय केलं, ते ऐका.

काका शिवायचे आणि काकू काजं-बटणं करायच्या. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. गल्लीतली पोरंटोरंच काय, त्यांच्याहून थोरली माणसंही त्यांना काका-काकूच म्हणायची. पन्नाशी उलटली तेव्हा एक बाई दारात आली. माणूस म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं, कुणाचे गुडघे आधी जातात आणि कुणाचे कान, हे बघायला कुठलीशी संस्था हजारो माणसांच्या मागे लागणार होती. दर दोन वर्षांनी बोलावणार, रक्त घेणार, चालायला लावणार, मुठीची ताकद मोजणार. किती वर्षं? तर मरेपर्यंत.

"म्हणजे लग्नासारखंच की!" काकू म्हणाल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या. मागोमाग काकांनीही केली.

काकूंना ती तपासणी फार आवडायची. इस्त्रीची साडी, केसांना तेल, वेळेच्या आधी हजर. तिथल्या ताईही लाघवी. मुठीच्या यंत्रात काकांचा आकडा तरण्याताठ्यांना लाजवील असा यायचा, कारण हात कात्रीचा. आठवणीची परीक्षा तेवढी एकच होती. ताई दहा शब्द वाचून दाखवायच्या आणि मग ते म्हणून दाखवायचे. नदी, खुर्ची, पत्र, चाक, मीठ, राजा, ढग, लोणी, पंखा, शिडी. शब्द कधी बदलायचे नाहीत. बदलले तर आधीच्या वर्षांशी ताडून कसं बघणार, असं ताईंनीच एकदा सांगितलं होतं.

एका खेपेला काकूंना चारच शब्द आले. घरी येऊन त्या ओक्साबोक्शी रडल्या. "मला काढून टाकतील हो. म्हणतील, हिचं डोकं गेलं." काकांना बायकोचं रडू बघवेना. त्यांनी शिवणाचा खडू उचलला, कापडं बेतायच्या टेबलावर दहा शब्द लिहिले आणि म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना? पाठ करून टाकू."

झालं. रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. चहाचा कप टेबलावर ठेवायचा, वर बशी झाकायची. शब्द झाले की चहा. सुरुवातीला सगळी गंमतच होती. काकू "मीठ" विसरल्या की काका म्हणायचे, "आमटीत विसरत नाहीस, इथं बरी विसरतेस!" पुढच्या तपासणीत आठ आले. ताईंनी टाळ्या वाजवल्या. काकू घरभर मिरवल्या. त्याच्या पुढच्या खेपेला नऊ.

हळूहळू गंमत सरली. काकूंचं अडखळणं वाढलं तसा काकांचा आवाज चढायला लागला. "पुन्हा म्हण. काल तर येत होतं! लक्ष कुठाय तुझं?" कधीकधी चहा बशीखाली गार होऊन जायचा. काकू खालमानेनं कप मोरीत ओतायच्या. काका मनाशी म्हणायचे, तिच्याच भल्यासाठी करतोय. भलं कसलं आणि काय!

मग एका शर्टाचं काम आलं आणि तो न्यायचा दिवस उजाडला. गिऱ्हाईक दारात उभं, काकांनी शर्ट झटकला आणि घाईनं परत गुंडाळला. काकूंनी दोन्ही पट्ट्यांना काजं केली होती. एका बाजूला काजं, दुसऱ्या बाजूलाही काजं, एकूण एक सुबक. बटण लावायला जागाच नाही. "काय झालं?" काकूंनी विचारलं. त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. काकांनी नवा शर्ट स्वतः बेतला, शिवला, आणि पहिला कपाटाच्या तळाशी दडवला.

त्यानंतर काही ना काही चालूच राहिलं. गॅस चालू, वर भांडं नाही. दुपारी आंघोळ, संध्याकाळी परत आंघोळ. दार उघडं टाकून काकू कोपऱ्यावर जाऊन उभ्या. काका एकटे पडले. डोळ्यात तेल घालून बसायचं म्हटलं तरी माणसाचा डोळा लागतोच की. शेवटी त्यांनी दुसऱ्या गावी असलेल्या लेकीला फोन केला.

"तुझी आई फार विसरते गं. तू येऊन जा. हिला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवंय."

"बाबा, तपासणीवाल्यांनी काय सांगितलं? दहापैकी नऊ! मला सहा येणार नाहीत. आई ठणठणीत आहे, तुम्हीच उगाच जिवाला घोर लावून घेता. सुट्टी मिळाली की येते."

नेहमीचे डॉक्टरही तेच म्हणाले. "संस्थेच्या तपासणीत घसरण दिसली असती तर त्यांनी मला पत्र पाठवलं असतं. वय झालं, थोडं विसरायचंच." काका परतले. नऊचा आकडा त्यांनीच शिवून दिला होता आणि आता तो उसवता येईना. मी शिकवलं, हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले असते तर? पण लेकीला कसं सांगणार, की तुझ्या आईचं दुखणं मीच एवढी वर्षं झाकून ठेवलं? लाज वाटायची हो, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांनी ठरवलं, पुढच्या तपासणीत खरं माप जाऊ द्यायचं. शिकवणी बंद. टेबलावरचा खडू पुसला. चहा नुसता समोर ठेवून ते उठून जायला लागले. वर्षभर त्या दहा शब्दांतला एकही त्यांनी काकूंसमोर काढला नाही. अगदी मीठ हवं असलं तरी बोट दाखवायचे.

तपासणीचा दिवस आला. रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणून दोघं तसेच आले होते. रक्त झालं, चालणं झालं, मूठ झाली. काकांना दहाही पाठ होते, पण बायकोच्या पुढे जायला नको म्हणून ते दरवेळी सातच म्हणायचे, तसे म्हटले. मग काकू ताईंसमोर बसल्या आणि काका मागच्या खुर्चीवर. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे बायको नापास होऊ दे म्हणून मागणं घातलं.

"नदी," ताईंनी सुरुवात केली.

"खुर्ची, पत्र, चाक, मीठ, राजा, ढग, लोणी, पंखा, शिडी!" काकूंनी एका दमात सांगून टाकलं.

"अहो, मला वाचू तर द्या!" ताई हसल्या. "बऱ्याच जणांना पाठच झालेत बघा. नियम म्हणून एकदा वाचते." त्यांनी वाचले, काकूंनी दहाही म्हटले. ताईंनी संगणकाच्या पडद्यावर दहाचा आकडा टाकला.

"ताई, ते खोटं आहे," काका उभे राहिले. "तिला काही येत नाही."

"काका, तुम्हाला सात आले म्हणून जळताय होय?"

"चेष्टा नाही, ताई." आणि काकांनी सगळं सांगितलं. खडू, टेबल, शिकवणी, काजं केलेला शर्ट. ताईंचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"दुसरे कुठले तरी शब्द विचारा तिला. आत्ता विचारा."

"दुसरे नाहीत माझ्याकडे, काका. आणि आलेलं उत्तर मला खोडता येत नाही. तुम्ही म्हणालात तसा शेरा लिहीन. वर डॉक्टर आहेत, ते बघतील."

"कधी?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मग माझ्या लेकीला तरी फोन करा. तुमचं ऐकेल ती."

"आम्हाला कुणाच्या घरच्यांशी बोलायची परवानगी नाही, काका. मला खरंच वाईट वाटतंय." ताईंचे डोळे भरून आले होते. पण त्याचा काकांना काय उपयोग?

ते बायकोला घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसले. उपाशी माणसांसाठी तिथे चहा-बिस्किटं असायची. शिपाईबाईंनी दोन कागदी कप आणून ठेवले. काकूंचे ओठ सुकले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"घे गं," काका म्हणाले.

काकूंनी कपावर बशीसारखा तळहात ठेवला आणि काकांकडे पाहिलं. असं तर त्या कधी गिऱ्हाइकाकडेही बघत नसत, भीत भीत. मग ताठ बसून म्हणायला लागल्या, "नदी, खुर्ची, पत्र..."

काकांच्या तेव्हा लक्षात आलं. घरी ते चहा ठेवून उठून जायचे, तेव्हा वर्षभर ही एकटीच बसून हे म्हणत होती तर. "नको, नको म्हणूस. परीक्षा संपली. नुसता पी."

"चाक, मीठ, राजा," काकूंनी घाई केली. "ढग, लोणी, पंखा..." आणि अडकल्या. आत्ता ताईंसमोर आलेला शब्द काही केल्या येईना. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, पुन्हा पंख्यापाशी येऊन थांबल्या. मग कप हळूच काकांकडे सरकवला.

"नाही आला," त्या म्हणाल्या. "राहू दे. ओरडू नका."

"अगं, मी कशाला ओरडू? पी ना. हात जोडतो तुझ्यापुढे." त्यांनी खरोखरच हात जोडले. काकूंनी मान हलवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. चहावर साय धरायला लागली. शिपाईबाई लांबून बघत होत्या.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बायकोच्या कानाशी तोंड नेलं.

"शिडी," ते कुजबुजले.

"शिडी!" काकू खुलल्या. त्यांनी कप ओढून घेतला आणि दोन्ही हातांत धरून घटाघटा चहा प्यायल्या.