करडं सोडल्यासारखी अक्षरं

सत्यभामाबाईंच्या तेराव्याच्या कीर्तनाला मांडव भरला, टाळकरी उभे राहिले, आणि मागचं बॅनर बघून बाईंच्या नवऱ्याच्या, हरिबा पेंटरच्या मस्तकात तिडीक गेली.

"सोमन्या! हिकडं ये बे!"

केजात फ्लेक्सचं दुकान टाकलेला त्यांचा चेला सोमनाथ धावत आला. "काय झालं, वस्ताद?"

"डोळे फुटले का तुझे? 'भावपूर्ण श्रद्धांजली' हाय ती, का रहाटपाळण्याची पाटी?"

खोटं नव्हतं. एक अक्षर जागेवर उभं असेल तर शपथ. कुणी कंबर मुरडलेलं, कुणी शेपूट उडवलेलं. अक्षरं हरिबांचीच, जत्रेतल्या पाळण्यासाठी ब्रशनं काढलेली. पुढं हात कापायला लागला तेव्हा अख्खी बाराखडी त्यांनी कागदावर उतरवून सोमनाथला दिली आणि त्यानं तिचा फॉन्ट केला. अट एकच होती: जिथं माणसं हसतात तिथंच लावायचा. बारसं, जत्रा, बर्फगोळ्याची गाडी.

"तुमचं अक्षर असताना काकूला परकं अक्षर काहून लावू, वस्ताद?"

"मंग इचारायचं न्हाई? म्हाराज वैकुंठाचं सांगणार आन मागं हे नाचणार! आन वर ही आठ तोंडं कुनाची?"

"विजयसिंहदादाचं मित्रमंडळ. त्यांनीच छापाय सांगितलं."

"बायको माझी गेली, आन हे गॉगल लावून शोकाकुल!"

हरिबांनी शिडी ओढली, सोमनाथच्या खिशातला कटर हिसकावला.

"दाजी, म्हाराज आलेत वो," मेहुणी बायनाबाई कळवळली.

"येऊ दे! देवाच्या दारात खोटं टांगू का?"

वरची तोंडं फराफरा कापली. श्रद्धांजली कापली. मग कटर 'सत्यभामा'वर टेकला आणि तिथंच अडला.

पाळण्याची पाटी रंगवताना ती शेळ्या घेऊन मागं उभी होती, तोंडाला पदर लावून. "अक्षरं काढलीत का करडं सोडलीत? धरा वो एखादं, चाललं पळून!" पाटी वाळेस्तोवर हसत होती.

हरिबांनी कटर खाली फेकला. "बघत काय बसलास? तुझ्या दुकानाचं नाव ऱ्हायलंय खाली. तूच काप."

सोमनाथनं मान खाली घालून कापलं. चौकटीत मधली पट्टी तेवढी उरली, वाऱ्यावर उड्या मारणाऱ्या एका नावाची. महाराजांनी वर बघितलं, मग हरिबांकडं.

"करा सुरू," धुमसतच हरिबा म्हणाले आणि टाळ गळ्यात अडकवले. पहिला ठोका त्यांचाच पडला, असा की पखवाजवाला दचकला.