हवालदाराची प्रभातफेरी

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आमच्या गावाला हैदर हवालदाराची आठवण होते. एरवी हा रिटायर फौजी खताची गोणी डोक्यावर घेऊन घोटाभर चिखलातून शेतात जातो, तेव्हा कुणी ढुंकून बघत नाही. त्या दिवशी मात्र सरपंच अमृतराव त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवतात, शाल घालतात आणि माइकवरून विचारतात, "बोला हैदरचाचा, गावानं तुमच्यासाठी काय करावं?"

चाचाचं उत्तर दरसाल एकच. "माझ्या शेताची पांदण मोकळी करा."

मग टाळ्या पडतात. अमृतरावही वाजवतात. आता बोला! ती गाडीवाट त्यांनीच तर दाबलेली. तोंडाला बाभळीच्या काट्या लावल्या आणि आत हळद केली. चाचाची बैलगाडी तेव्हापासून दारातच उभी. कनीजचाची मला म्हणायची, "भाऊ, शालीनं पेटी भरली. शाल पांघरून का शेतात उडून जाऊ?"

यंदा निवडणूक तोंडावर होती. अमृतरावांनी बैठकीत जाहीर केलं, "औंदा प्रभातफेरी आपल्या फौजी माणसाच्या हुकमानं निघंल. फोटोवाला सांगितलाय वारंगा फाट्याचा."

"माझ्या हुकमानं?" चाचानं विचारलं.

"व्हय. तुमी म्हणाल तसं चालू."

"समदे?"

"मी सोता सगळ्यायच्या समोर!"

झेंडावंदन झालं. चाचानं छातीवर पदकं लावली होती. असा आवाज टाकला की पारावरची कुत्री उठून पळाली. "चार-चारची लाइन! तेज चल!" पुढे कडक इस्त्रीतले अमृतराव, मागे सगळं गाव, आणि घोषणा द्यायला जळबा. त्याचा गळा म्हणजे भोंगाच. फेरी दरवर्षी शाळेकडं वळते. चाचा ओरडला, "बाएँ मुड!" आणि गाव निघालं थेट पांदणीकडं.

"चाचा, इकडं काहून? इकडून रस्ता न्हाई."

"व्हता, सरपंच. थांबू नका, मागून लेकरं येऊन राहिलीत."

"अवो, काट्या हायेत!"

"काढा की मंग. हुकूम हाय."

मागून जळबा गरजला, "भारत माता की..." आणि "जय!" म्हणत गावानं पुढं रेटा दिला. समोर फोटोवाला कॅमेरा रोखून उभा. कपाळाला आठी घालायचीही सोय नाही. अमृतराव हसत हसत वाकले आणि स्वतः लावलेल्या काट्या स्वतःच्या हातानं ओढू लागले. चार दिवस उघाड होती, तरी काळी माती ती. त्यांचं पांढरंशुभ्र धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालं.

चाचा लाइन मोडू देत नव्हता. "गाडीवाटेच्या भाईर एक पान तुडवायचं न्हाई!" माझी चप्पल चिखलात रुतली, ती मी तिथंच सोडली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

चाचाच्या बांधावर हुकूम आला, "थम!" आम्ही वळून बघितलं. हळदीतून नीट गाडीच्या रुंदीची वाट पडली होती, आणि तिच्यावरून कनीजचाची खताच्या गोण्या भरलेली गाडी हाकत येत होती. चाचाचे डोळे भरून आले. माझेही आले, त्यात लपवायचं काय?

संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर फोटो पडला. वाकलेले अमृतराव, हातात काट्या, खाली मजकूर: 'माजी सैनिकासाठी सरपंचांनी स्वतः पांदण खुली केली.' माझं डोकंच फिरलं. तसाच चाचाच्या घरी गेलो.

"चाचा, बघा हे! समदं नाव त्यायनंच लाटलं."

चाचानं फोटो निरखून बघितला आणि खदखदून हसला.

"लाटू दे रे. आता वाट बंद कराची म्हणलं, तर सरपंचाला आपल्याच फोटोवर काट्या टाकाव्या लागतील."