आवडाबाईंचा सोंडा

मी एक जुनी सागवानी पेटी आहे आणि माझ्या पोटात सोंडे आहेत. नाक मुरडू नका, मित्रांनो! तुमच्या तांदळात सापडतात त्यांचीच ही भावकी, फक्त बाभळीवर राहणारी.

औरंगपुऱ्यात मोतीराम सुतारानं मला घडवलं. वर काचेचं झाकण, आत टाचण्या टोचायला मऊ तळ. माझे मालक बिभीषण सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. सुट्टीत ते कन्नडला गावी गेले की त्यांच्या आई, आवडाबाई, बाभळीखाली छत्री उलटी धरायच्या. सर काठीनं फांदी झोडपायचे आणि छत्रीत टपाटप सोंडे पडायचे. काय दिवस होते ते! मग एकेकाला टाचणी, टाचणीला गावाच्या नावाची चिठ्ठी आणि माझ्यात जातवार रांगेत मुक्काम.

तीन सोंडे मात्र कुठल्याच रांगेत बसेनात. त्यांची सोंड जास्त वाकडी, पाठीवरचे खवलेही वेगळे. "ही जात नवी हाय, माय," सर म्हणायचे. पण नव्या जातीला नाव द्यायचं तर तिचा एक तरी नमुना कायमचा जपावा लागतो, तिचं सगळं वर्णन लिहावं लागतं. सर ते काम आज-उद्यावर ढकलत राहिले. निवृत्त होऊन त्यांनी मला हर्सूलच्या घरी आणलं, कपाटावर ठेवलं आणि डांबरगोळ्या घालायचं साफ विसरले.

गेल्या उन्हाळ्यात आवडाबाईंना माझ्या तळाशी भुकटी दिसली. कीड लागली की ऊन दाखवायचं, हे त्यांच्या हाताला पाठ. गच्चीवर ज्वारी वाळत होती. तिच्या शेजारी त्यांनी मला झाकण उघडून ठेवलं. कीड पळाली खरी, पण साळुंक्या आल्या आणि सोंडे टिपून गेल्या. त्या तिघांतला एकच उरला, तोही पाच पायांचा.

"लई वाईट झालं रं माझ्या हातानं," म्हणत आवडाबाई जेवल्याच नाहीत.

"मी गोळ्या घातल्या असत्या तर तुला ऊन कशाला दावावं लागलं असतं?" सर म्हणाले.

दोघं छत्री घेऊन कन्नडला गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. रस्ता रुंद करताना बाभळी तोडल्या होत्या. ते ऐकून मला फार गलबलून आलं.

मग मात्र सर नेटानं बसले. भिंगाखाली त्या एकट्याची एकेक खूण त्यांनी टिपली. यंदा त्या जातीला नाव मिळालं, आवडाबाईंचं.

"जन्मभर सोंडे निवडले, अन् आता मीच सोंडा झाले व्हय?" पदरात तोंड लपवून त्या हसल्या.

मित्रांनो, दोघंही आता थकलेत. कधीतरी मी तुमच्या हाती येईन. तेव्हा मला उन्हात ठेवू नका, डांबरगोळी विसरू नका. कोपऱ्यातल्या त्या पाच पायांच्या सोंड्याला तर फार जपा. कन्नडच्या त्या बाभळींचं आता एवढंच उरलं आहे.